बेशरमचे स्टम्प

आमच्या लहानपणी इंदूरला बॅट एकाचीच असायची आणि स्टम्प नाल्याकाठचे. बेशरमच्या तीन सरळ काड्या तोडायच्या, हाताला लागलेला पांढरा चीक चड्डीला पुसायचा आणि दगडाने ठोकून द्यायच्या. काडी आतून पोकळ, म्हणून हलक्या हाताने ठोकायची, नाहीतर डोकं चेचायचं. एका आषाढात झड लागली, आठ-दहा दिवस खेळ बंद. उघडीप मिळाल्यावर जाऊन बघतो तर मिडल स्टम्पला पोपटी कोंभ! "भिया, अपना स्टम्प तो उग गया!" म्हणून एकजण नाचायलाच लागला. बोल्ड झाला तो मात्र अडून बसला, झाडाला चेंडू लागला तर आउट कसा?

मूळचं हे झाड उष्ण अमेरिकेतलं. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला बरं. शेळ्यांनी टंचाईत खाल्लं तर मात्र त्यांना त्याची चटक लागते, पुढे मान थरथरते, पाय लटपटतात. कापा, उपटा, फेकाल तिथे रुजणार. चिखल तर त्याला माहेरच. आमचा सिरपूर तलाव २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. बेशरमला तळ्याचा काठ मिळाला की यादीबिदी तो विचारत नाही. इकडे मोर्चेवाले ढिम्म साहेबाला याच फुलांचा गुच्छ देतात. साहेब तो घेतातही, ही त्यातली खरी गंमत.

पण फूल बघावं. कर्ण्यासारखं, फिकट जांभळट गुलाबी, घशाशी गडद. एकदा आजीच्या पूजेसाठी ओंजळभर तोडून आणली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत पाकळ्या ओल्या कागदासारख्या बोटांना चिकटल्या. आजी म्हणाली, "बेशरमची फुलं देवाला? फेक आधी, आणि हात धू."

पुढे कॉलेजात कळलं, गणेशवेल, रताळं आणि बेशरम एकाच कुळातले. एकादशीला आजी रताळ्याचा कीस खात होती. म्हटलं, "आजी, तू खातेस तो बेशरमचा सख्खा चुलतभाऊ."

तिने घास थांबवला नाही. "असायचाच," म्हणाली, "प्रत्येक घराण्यात एखादा निघतोच," आणि माझ्याकडे बघत कीसावर आणखी दही वाढून घेतलं.