पोरं बोलतात कुठं? गेममध्ये!

दहावी-अकरावीची पोरं फोनवर काय करतात विचारलं तर घरोघरी एकच उत्तर, 'काय नाय, टाइमपास'. आमच्याकडे भाचा शिकायला राहतो, त्याचं बघून सांगते, टाइमपास बिइमपास काही नाही, पोरांची सगळी दोस्ती तिथंच चालते, फक्त ती बोलण्यासारखी दिसत नाही.

म्हणजे बघा, इन्स्टावर दिवसभर एकमेकांना नुसती रील्स. ना 'कसायस', ना काही. उत्तर काय तर कवटीचा इमोजी, म्हणजे हसून मेलो! पण रील यायचं बंद झालं की तो पोरगा समजतो, काहीतरी बिनसलंय. स्नॅपचॅटच्या स्ट्रीकचं, म्हणजे रोज न चुकता एकमेकांना फोटो (स्नॅप) पाठवायच्या साखळीचं, तेच, २४ तासांत स्नॅप गेला नाही की स्ट्रीक तुटली, म्हणून प्रीलिमच्या आदल्या रात्रीही पंख्याचा फोटो काढून पाठवायचा.

खरं बोलणं होतं ते बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजीसारख्या त्या गोळीबाराच्या गेममध्ये. चौघांचा स्क्वाड, माइक चालू, आणि विमानातून उडी मारल्यावर पहिली गोळी सुटेपर्यंत लूट, म्हणजे बंदुका-सामान, गोळा करायची जी काही मिनिटं असतात ना, तेव्हा. 'पोचिंकी (गेममधलं एक गाव) नको रे, लय गर्दी असते.' 'इथं एम फोर बंदूक पडलीय, घे.' आणि मध्येच, 'भावा, पप्पांचं काय झालं?' 'उद्या अँजिओग्राफी.' 'बरं... स्कोप पाहिजे का कुणाला?' एवढंच! पण त्या दिवशी सगळं भारी सामान त्याच पोराला मिळालं, न मागता. समोरासमोर बसवा, हीच पोरं हा विषय काढतील? नाव नको. इथं तोंडाकडे बघावं लागत नाही, हात कामात असतात, म्हणून जमत असावं.

हा गेम २०२२ च्या जुलैत बंद झाला, २०२३ च्या मेमध्ये परत आला तो अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊन. ती किती पाळतात ते विचारू नका.

सगळं गोडच आहे असंही नाही हां. एखाद्याशी वाजलं की त्याला ग्रुपमधून काढत पण नाहीत, त्याला वगळून बाकीचे नवीन ग्रुप करतात, आणि त्याला कळतं तेव्हा टर्फच्या मैदानावर मॅच होऊन स्टोरी पण पडलेली असते. आणि माइकवरच्या शिव्या! आमच्या आईने तर देवघराचं दार लावून घ्यायला सुरुवात केलीय.

बाकी घरात सध्या एकच तह झालाय, जेवायला हाक मारायची ती मॅच संपल्यावर, कारण हा मध्येच उठला तर उरलेले तिघं मरतात म्हणे.