हे उत्तर कोण वाचतं?

मिस्टर, मिसेस, मिस, मिझ, डॉक्टर. एवढ्याच पर्यायांच्या एका ड्रॉपडाउनवर, म्हणजे अर्जात क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यादीवर, परवा आमच्या डिझाइन रिव्ह्यूचा जवळजवळ सगळा वेळ गेला. तेव्हापासून ज्युनियर आणि सीनियर डिझायनरमधला फरक हा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला ज्या कंपनीत आहे, ती इथल्या कौन्सिलांसाठी, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी, ऑनलाइन सेवा बनवते. सध्या शाळेतल्या मोफत जेवणासाठी पालकांनी भरायचा अर्ज आमच्याकडे आहे. कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला आमचा ज्युनियर पहिली स्क्रीन दाखवत होता. काम नेटकं होतं. रंगांचा कॉन्ट्रास्ट तपासलेला, ड्रॉपडाउन माउसशिवाय कीबोर्डवर चालणारा. आमच्या सीनियरने सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "हे उत्तर कौन्सिलमध्ये कोण वाचतं?"

जुन्या कागदी अर्जात होतं म्हणून ज्युनियरने घेतलं होतं. मग सीनियरने तिथूनच कौन्सिलमध्ये अर्ज तपासणाऱ्या बाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्या म्हणाल्या, तो रकाना आम्ही बघतच नाही. आडनाव, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथला सामाजिक सुरक्षेचा क्रमांक) टाकून पात्रता तपासतो. तो प्रश्न अर्जातून काढून टाकला. मग तिने आपली एक्सेल शीट उघडली. अर्जातला प्रत्येक प्रश्न एका ओळीत, आणि पुढे रकाने: उत्तर कोण वापरतं, कशासाठी वापरतं, भरणं सक्तीचं आहे का, चुकीचं किंवा कामचलाऊ उत्तर आलं तर काय होतं. फॉर्मच्या क्षेत्रातल्या कॅरोलाइन जॅरेट या तज्ज्ञ बाई याला 'क्वेश्चन प्रोटोकॉल' म्हणतात. आमच्या सीनियरची ही शीट स्क्रीन काढायच्या आधी तयार असते. रकाना रिकामा असेल तर ती स्वतः फोन करते, भेटायला जाते, गरज पडली तर कौन्सिलच्या वकिलाशी बोलते. मला या शीटचं इतकं अप्रूप वाटलं, की त्या रात्री मी आमच्या बाकीच्या अर्जांसाठीही तशीच एक करायला घेतली.

आता कुणी म्हणेल, यात काय मोठंसं? ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये, म्हणजे सरकारी वेबसाइट कशा बनवायच्या याच्या नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय, की गरज नसेल तर मिस्टर-मिसेस विचारू नका. बरोबर आहे. ते वाचून ज्युनियरनेही रकाना उडवला असता. पण कौन्सिलमधून "आमच्याकडे पहिल्यापासून आहे, राहू द्या" असं उत्तर आलं असतं, तर तो थांबला असता. ती थांबली नसती. फोन कुणाला करायचा हे तिला माहीत होतं, आणि तो करायची मुभाही तिला होती.

ही मुभा मला इथे येण्याआधी पुण्यात मिळाली नाही. बाणेरला सर्व्हिस कंपनीत काम केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. क्लायंट अमेरिकेत, आपल्यापर्यंत येते ती रिक्वायरमेंटची यादी, आणि शुक्रवारपर्यंत स्क्रीन हव्यात. क्लायंटशी बोलणार अकाउंट मॅनेजर. आपण "हे कशाला हवंय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्कोपमध्ये आहे," म्हणजे ठरलेल्या कामाच्या यादीत आहे. मग तिथे सीनियर कोण होतो? जो भराभर काम उरकतो, एका वेळी चार प्रोजेक्ट सांभाळतो, हाताखालच्या पोरांचं काम रात्री बसून दुरुस्त करतो. मी तेच करत होते आणि चांगलं करत होते. रिलीजच्या आदल्या रात्री चाळीस स्क्रीन एकसारख्या करून देणं हेही कौशल्यच आहे. इथल्या कित्येकांना ते जमणार नाही.

म्हणूनच इथे येताना सीनियर पद नाकारलं गेलं ते मला अजून बोचतं. इथे सरकारी डिजिटल पदांसाठी एक कौशल्य-आराखडा आहे. ज्युनियरपासून हेडपर्यंत प्रत्येक पायरीला काय यायला हवं, ते अवेअरनेस, वर्किंग, प्रॅक्टिशनर आणि एक्सपर्ट अशा चार पातळ्यांत त्यात मांडलंय. आमची कंपनीही तोच वापरते. मुलाखतीत विचारलं, "तुम्ही कुठला निर्णय बदलायला लावला?" जिथे निर्णय माझ्या टेबलापर्यंत येतच नव्हता, तिथलं उदाहरण मी कुठून आणू? आराखडा चांगला आहे, पण आपल्याकडच्या नोकरीची रचना त्यात कुठेच धरलेली नाही, आणि त्याची किंमत आपली माणसं मोजतात.

त्याच रिव्ह्यूमध्ये पुढचा रकाना नावाचा होता: फर्स्ट, मिडल, लास्ट. तिथे मी बोलले. महाराष्ट्रात मधलं नाव म्हणजे वडिलांचं, लग्नानंतर बऱ्याच जणींचं नवऱ्याचं. पासपोर्टवर ते अनेकदा स्वतःच्या नावाला जोडून गिव्हन नेममध्ये जातं, आणि इथल्या अर्जात ते नेमकं कुठे टाकायचं याचा गोंधळ मी स्वतः भोगलाय. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव सक्तीचं केलंय: मुलाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. ही मुलं इथल्या शाळेत आली की तीन रकान्यांत कशी बसणार? पूर्ण नावाचा एकच रकाना घ्या, असं त्या सरकारी डिझाइन सिस्टिममधलं मार्गदर्शन सांगतंच. त्यामागचं जिवंत उदाहरण त्या खोलीत फक्त माझ्याकडे होतं. पात्रता तपासायला आडनाव लागतं, म्हणून शेवटी ते वेगळं ठेवलं आणि बाकी सगळं एका रकान्यात घेतलं. सीनियरने शीटमध्ये त्या ओळीपुढे माझं नाव लिहिलं.

आणि असे प्रश्न आपल्याकडे भारतात कुणी विचारत नाही असं मुळीच नाही. एप्रिल 2025 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीबद्दल, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याबद्दल, निकाल दिला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या बाईंना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटवून दाखवता येत नव्हती, म्हणून बँकेत खातं उघडण्याची प्रक्रिया अडली होती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. पापणी मिटवायला सांगणारी ती स्क्रीन कुणीतरी व्यवस्थित काढली असेल, बटणं जागच्या जागी असतील. ज्याला पापणी मिटवता येत नाही त्याने काय करायचं, हे कुणी विचारलं नसेल, किंवा विचारणाऱ्याला "स्कोपमध्ये नाही" असं ऐकून घ्यावं लागलं असेल. मला दुसरीच शक्यता जास्त वाटते, कारण असे प्रश्न विचारणारी पोरं मी पुण्यात पाहिली आहेत.

त्यांच्यातली काही जण मला पोर्टफोलिओ पाठवतात. फूड डिलिव्हरी अ‍ॅपचं नवं रूप, सुरेख मॉकअप. माझं एकच सांगणं असतं: एक पान असं घाला, ज्यात तुम्ही कुठला प्रश्न काढून टाकलात, कुणाला विचारून काढलात आणि कुणी नाही म्हटलं, हे असेल. नाही म्हटलं असेल तरी लिहा. मार्चमध्ये माझं अप्रेझल आहे, आणि पुण्यातल्या वर्षांबद्दल तसंच एक पान मी स्वतःही लिहिते आहे. त्यात "स्कोपमध्ये आहे" हे उत्तर मला कुठकुठे मिळालं, तेही तारखांसकट घालणार आहे.