तुम्ही विचारलंत म्हणून: सूर्यासारखा दुसरा तारा दाखवा ना!

आकाशदर्शनाला आलेली मंडळी शनीची कडी बघून खूश झाली, की कुणीतरी हमखास विचारतं, "हे सगळे तारे म्हणजे सूर्यच ना? मग अगदी आपल्या सूर्यासारखा एखादा दाखवा की." मला हा प्रश्न फार आवडतो. पण रात्र सरत आलेली असते, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहिते.

तारे सगळे सूर्यच हे खरं, पण डोळ्यांत भरणारे तारे बहुधा सूर्याच्या जातीचे नसतात. व्याध सूर्याच्या पंचवीसपट तेजस्वी आहे, काक्षी तर फुगलेला महाराक्षसी तारा. उलट आकाशगंगेत ज्यांची संख्या सर्वांत जास्त, ते लाल बटू तारे इतके मंद असतात की नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नाही. सूर्य या दोन टोकांच्या मध्ये येतो. तसा तारा ठळक दिसायचा तर तो जवळच हवा. सुदैवानं तसा एक आहे: नरतुरंग तारकासमूहातला मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी. अंतर सुमारे ४.३ प्रकाशवर्षं.

मे महिन्याच्या अखेरीस, ढग जमायच्या आत, रात्री साडेदहा-अकराला दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिजाच्या जरा वर दोन ठळक तारे जोडीनं दिसतील. डावीकडचा मित्र, उजवीकडचा मित्रक. (मित्रक नुसता शेजारी दिसतो, तो कित्येकशे प्रकाशवर्षं मागे आहे.) हात पुढे ताणून मूठ वळली की आकाशात ती साधारण १० अंश जागा व्यापते. मुंबईहून मित्र जास्तीत जास्त तेवढाच वर येतो, गोव्यातून तेरा-चौदा अंश. दक्षिणेला इमारत किंवा डोंगर आडवा आला तर तो दिसणारच नाही. कोकणातल्या एखाद्या मोकळ्या सड्यावरून मात्र छान दिसतो.

लहान दुर्बीण लावली की तो एक नव्हे, दोन तारे असल्याचं कळतं. हे प्रथम लक्षात आलं तेही भारतातून: १६८९ मध्ये पुदुच्चेरीला एक धूमकेतू बघत असताना झाँ रिशो या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंच्या नजरेस ही जोडी पडली. त्यातला मोठा, 'अ' तारा, हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पृष्ठभागाचं तापमान ५८०० केल्व्हिनच्या घरात, वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला प्रकाश, सूर्यासारखाच (ताऱ्यांच्या वर्गवारीत जी२ प्रतीचा). वस्तुमान सूर्याहून ८ टक्के जास्त, व्यास २२ टक्के जास्त, आणि उजेड मात्र दीडपट!

लोक इथेच अडखळतात. आठ टक्के वस्तुमानानं दीडपट उजेड? वस्तुमान वाढलं की गाभ्यातला दाब आणि तापमान वाढतं, हायड्रोजनचं हेलियम होण्याचा वेग एकदम चढतो. अशा ताऱ्यांचा उजेड ढोबळमानानं वस्तुमानाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे ३५-३६ टक्के इथेच झाले. उरलेला वाटा मुख्यतः वयाचा. बहुतेक अंदाज 'अ' ताऱ्याला सूर्याहून थोडा थोरला मानतात, आणि असे तारे वयाबरोबर उजळत जातात. सूर्यही दर अब्ज वर्षांना साधारण १० टक्के उजळतो आहे. आज 'अ'ला सूर्याच्या जागी ठेवलं तर पृथ्वीचे समुद्र टिकणार नाहीत. आपल्याइतकं ऊन हवं असेल तर सव्वापट लांब राहावं लागेल.

आणखी एक मोठा फरक म्हणजे तिथे सोबतीला 'ब' तारा आहे, सूर्याच्या साधारण निम्म्या तेजाचा, किंचित नारिंगी. दोघे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात. त्यांच्यातलं अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ११ पटींपासून ३६ पटींपर्यंत बदलतं. 'अ'भोवती ग्रह असेल तर 'ब' तिथल्या आकाशात सर्वांत लांब असतानाही आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या शंभरपटीहून जास्त उजेड देईल. वर्षाचे कित्येक महिने तिथे खरी काळोखी रात्र होणारच नाही. आकाश दाखवणाऱ्या माणसाला ही कल्पना सहन होत नाही! शिवाय 'ब'च्या ओढीमुळे 'अ'पासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या दोन-तीन पटींपलीकडे ग्रहाची कक्षा टिकत नाही. म्हणजे आपल्या गुरू-शनीला तिथे जागा नाही.

पण त्या मर्यादेच्या आत? ऑगस्ट २०२४ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीनं 'अ'ची चमक झाकून त्याच्या शेजारी एक अंधुक ठिपका टिपला. तो ग्रह असेल तर शनीएवढ्या वस्तुमानाचा, आणि ताऱ्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या दुप्पट लांब. फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा बघितलं तेव्हा ठिपका सापडला नाही. फिरता फिरता तो ताऱ्याच्या फार जवळ आला असेल, असं संशोधकांचं गणित सांगतं. मला ते पटण्यासारखं वाटतं, तरी मुलांना सांगताना मी अजून "ग्रह सापडला" म्हणत नाही, "उमेदवार" म्हणते. तो पुन्हा एकदा दिसायला हवा.