तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्याच्या कार्डावर माझं नाव

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं, "प्रीमियम क्रेडिट कार्डावर बायकोला ऑथराइज्ड युजर करावं का? पैसे वसूल होतात का?" ऑथराइज्ड युजर म्हणजे खातं एकाचं, पण त्यावर दुसऱ्याच्याही नावाचं कार्ड. न्यू जर्सीतल्या आपल्या बऱ्याच जणांना माझी गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक आहे, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. मी हिशेब सांगते. हिशेब ऐकला की माणसं पुढे सरकतात आणि खरं सांगायचं ते राहूनच जातं.

तर आधी हिशेब. अमेक्स प्लॅटिनमची वर्षाची फी ८९५ डॉलर, आणि जादा प्रत्येक प्लॅटिनम कार्डाचे १९५. चेस सफायर रिझर्व्हचे ७९५, तिथेही माणशी १९५. कॅपिटल वनच्या व्हेंचर एक्सवर नाव जोडायला पैसे पडत नाहीत, पण १ फेब्रुवारी २०२६ पासून त्या माणसाला विमानतळावरचं लाउंज हवं असेल तर वर्षाला १२५ मोजावे लागतात. बदल्यात मिळतं ते मुख्यतः लाउंज. हॉटेलचं वगैरे क्रेडिट, म्हणजे खर्चापोटी परत मिळणारे पैसे, खात्याला एकदाच, माणसं वाढली म्हणून ते वाढत नाही. दोघं बरोबरच प्रवास करत असाल तर अमेक्स आणि चेसच्या प्रायॉरिटी पासवर (कार्डाबरोबर मिळणारं लाउंजचं सदस्यत्व) दोन पाहुणे तसेही फुकट जातात. अमेक्सच्या स्वतःच्या सेंच्युरियन लाउंजमध्ये मात्र पाहुण्याचे ५० डॉलर पडतात. बायको कामासाठी एकटी फिरत असेल, तर १९५ वसूल. नसेल, तर नाही.

पण मी त्या कार्डावर आले ती लाउंजसाठी नव्हे. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर होते. कामाची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नाही, म्हणून स्वतःच्या नावावर कार्ड मिळणं जवळपास अशक्य. नवऱ्याने त्याच्या कार्डावर माझं नाव घातलं तेव्हा किराणा आणताना त्याच्याकडे पैसे मागणं थांबलं. ही गोष्ट मी कधीही कमी लेखणार नाही. २०१५ मध्ये काही एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळू लागली, त्यात मीही होते. नंबर आला, आणि वर्षभरात माझा क्रेडिट स्कोअर चांगला दिसू लागला, कारण त्याच्या खात्याचा जुना इतिहास माझ्याही रिपोर्टवर उतरला होता. यामागे १९७४ चा समान पतसंधीचा कायदा आहे. नवऱ्याचं खातं बायकोही वापरत असेल, तर त्याची नोंद तिच्याही नावावर जावी असा त्याखालचा नियम आहे. त्याआधी या देशात बायकांना नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज नाकारलं जायचं. तेव्हा फायदा होत नाही असं मला कुणी सांगू नये. मी त्या फायद्यावर उभी राहिले आहे.

मग तो गेला. अचानक, मार्चमध्ये.

अस्थी घेऊन नाशिकला जायचं होतं. त्या सकाळी मी बँकेला फोन केला, कारण खातेदार वारल्यावर त्याचं कार्ड वापरत राहणं बरोबर नाही हे मला माहीत होतं. फोनवरची बाई फार सौजन्याने बोलली. खातं आता बंद होईल म्हणाली, आणि त्याबरोबर माझंही कार्ड. मी विचारलं, बाकी किती आहे? पॉइंट्सचं काय? ती म्हणाली, माफ करा, तुम्ही खातेदार नाही, ही माहिती तुम्हाला देता येणार नाही. मी पुन्हा विचारलं. तिने तेच वाक्य तितक्याच मऊ आवाजात पुन्हा म्हटलं. घराचं इंटरनेट, फोन, मुलीच्या नृत्याच्या वर्गाची फी, सगळं त्या कार्डावर लावलेलं होतं आणि ते सगळं मी सांभाळत होते. कुठला खर्च कुठल्या तारखेला जातो हे त्याला विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. मला तोंडपाठ होतं. नेवार्क-मुंबईची तिकिटं अखेर मैत्रिणीने तिच्या कार्डावर काढली.

भारतातून परतले तर पत्र आलेलं, मागोमाग फोन. बाकी भरा. मी भरायला निघाले होते. माणूस कर्ज ठेवून जाऊ नये, हे रक्तातच असतं आपल्या. मैत्रिणीने वकिलाकडे नेलं. तो म्हणाला, ही देणी त्याच्या मालमत्तेतून जातील, तुमच्या पगारातून नाही. ऑथराइज्ड युजर कर्जाला बांधील नसतो. कॅलिफोर्निया, टेक्ससमध्ये नवरा-बायकोच्या मिळकतीचे कायदे वेगळे आहेत. न्यू जर्सीत तसं नाही. सरोगेट कोर्टात, म्हणजे इथे मृत्युपत्र-वारसाची कामं चालतात तिथे, कागद करा, मग बघू. ज्या कारणाने मला त्या दिवशी माहिती नाकारली, त्याच कारणाने माझी बचत वाचली. हे मी अजून नीट पचवू शकलेले नाही.

तुम्ही म्हणाल, स्वतःचं कार्ड का नव्हतं? नोकरी होती, स्कोअर होता. होता. पण एका घराला एक कार्ड, पॉइंट्स एका जागी जमतात, दुसऱ्या कार्डाची फी कशाला, हा आमचा विचार होता आणि आकड्यांत तो बरोबर होता. त्या वेळच्या मला आज मी हे पटवू शकेन असं वाटत नाही. ती मला प्लॅटिनमचे क्रेडिट मोजून दाखवेल.

आता मुलगी अठराची झाली. एकवीसच्या आत स्वतःची कमाई किंवा एकवीसच्या वरचा सहकर्जदार दाखवल्याशिवाय कार्ड मिळत नाही, २००९ च्या कायद्याने. म्हणून तिला मी माझ्या कार्डावर घेतलंय, फुकटच्या. शिवाय लायब्ररीतल्या नोकरीच्या पगारावर तिचं स्वतःचं, बिनफीचं, छोट्या मर्यादेचं कार्ड काढायला लावलंय. ती म्हणते, एवढ्याशा मर्यादेत काय होणार? मैत्रीण म्हणते, तू भीतीपोटी करतेस. असेल. पण पुढच्या वेळी रांगेत विचाराल तेव्हा मी आधी उलट विचारणार आहे: तिच्या एकटीच्या नावावर काय आहे? त्याचं उत्तर द्या, मग १९५ चं बोलू.