खोला मिरचीची रोपं, पावसाळी अपडेट: सावली सावलीत फरक असतो

मंडळी, काणकोणच्या खोला मिरचीची रोपं आता चार पानांवर आलीत. एक ट्रे फणसाखाली आहे, दुसरा तेवढ्याच अंधुक जागी पण काळ्या शेडनेटखाली. माती तीच, पाणी तेच, फोंड्याची पावसाळी हवा तीच, मोबाईलच्या उजेड मोजणाऱ्या लक्स अ‍ॅपमध्ये आकडाही जवळपास सारखाच, तरी फणसाखालची रोपं लांबुळकी झालीत, दोन पानांमधलं अंतर भरपूर, खोड बारीक, आणि नेटखालची बुटकी, जाडजूड. (अ‍ॅप पानांखालच्या हिरवट उजेडात जरा जास्तच आकडा दाखवतं, पण ते धरूनही फरक मोठा आहे.)

उजेड किती यापेक्षा उजेड कसला हे रोप बघतं. हिरवी पानं लाल उजेड, म्हणजे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, शोषून घेतात आणि ७३० च्या आसपासचा फार-रेड, म्हणजे लालच्या पलीकडचा, बराचसा खाली सोडतात. नेट मात्र सगळंच सारखं कमी करते. उघड्यावर हे दोन्ही जवळपास सारखे असतात, दाट झाडाखाली लाल फार-रेडच्या दहाव्या हिश्श्यावरही येतो. रोपातलं फायटोक्रोम, म्हणजे उजेड टिपणारं प्रथिन, हेच प्रमाण ओळखतं, आणि डोक्यावर दुसरं झाड आहे असं कळलं की सगळा जोर उंचीवर लागतो.

मग पानांत ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक जास्त बनतं, खोडात उतरतं, पेशींच्या भिंतीत आम्लता वाढते, भिंत सैल पडते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी लांबते. नव्या पेशी फारशा नसतात, असलेल्याच ताणल्या जातात, म्हणून खोड असं लुळं. जोडीला जिबरेलिन, हेही वाढीचं संप्रेरक. डेला नावाची प्रथिनं वाढीवर ब्रेक लावून असतात, जिबरेलिन आलं की ती मोडीत निघतात आणि ब्रेक सुटतो. याची गोष्ट मला फार आवडते, १९२६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी दाखवलं की बाकानाए रोगात भाताची रोपं उंच होऊन लोळतात ती बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे, आणि ते द्रव्य म्हणजेच जिबरेलिन. याच्या उलट १९६६ चा आयआर-८ हा भाताचा वाण बुटका, कारण त्याच्यात जिबरेलिन कमी बनतं. आपल्याकडच्या शेतांतला जया भातही त्याच बुटक्या घराण्यातला.

आंब्याला मोहोरासाठी वापरतात ते पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिनच अडवतं, त्यामुळे रोपंही बुटकी राहतील, पण ते मातीत खूप काळ टिकतं, मी खायच्या मिरचीच्या रोपांना कधीच घालणार नाही. त्यापेक्षा हात फिरवा! वाऱ्याने किंवा स्पर्शाने खोड हललं की लांबी कमी होते, जाडी वाढते, १९७३ मध्ये शास्त्रज्ञ जॅफ यांनी त्याला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. मी रोज सकाळी शेंड्यांवरून हलका हात फिरवतो, फक्त पानं ओली असताना नाही, या दिवसांत बुरशी त्यानेच पसरते.

फणसाखालचा ट्रे आता नेटखाली हलवलाय. लांबलेलं खोड आखूड होणार नाही, पण पुढची पेरं आखूड यायला हवीत, पुनर्लागवडीआधी मोजून टाकतो. कोणाचे ट्रे माडाखाली असतील तर फोटो नक्की टाका, तिथे सावली विरळ आणि हलती असते, रोपं कशी वागतात ते बघायचंय.