टेकडी पाऊण तासाची, कुसळ आठ दिवसांचं

"उपाशी आहे ना?"

"कोण, मी?"

"पेशंट, सर."

पेशंट म्हणजे आमची कुत्री, खारी. सकाळी सहाला आईनं घातलेली दूधपोळी खाऊन, वाटी चाटूनपुसून आलेली. मी खरं ते सांगितलं. काउंटरवरच्या ताईंनी रजिस्टरात खारीच्या नावावर आडवी रेघ मारली. "मग आज भूल देता येणार नाही. आता सोमवारी या."

काल संध्याकाळी याच काउंटरवर याच ताईंनी मला आजची वेळ दिली होती. तेव्हा एक शब्द बोलल्या असत्या तर? "बोर्डवर लिहिलंय सर," म्हणाल्या. बोर्ड होता. त्यावर कुठल्याशा औषध कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं, आणि खालून फक्त "...शी यावे" एवढंच डोकावत होतं. मी कॅलेंडर बाजूला करून अख्खं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याचा काही उपयोग झाला नाही, पण मला जरा बरं वाटलं.

आता मुळापासून सांगतो. नोव्हेंबरातला रविवार. वेताळ टेकडी. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच टेकडी, साधारण २६०० फूट. आकड्याला घाबरू नका, पुणंच मुळात १८०० फुटांवर आहे. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूनं आलात तर बराचसा चढ गाडीच चढते. पुढे खाणीच्या कडेनं वेताळबाबाच्या देवळापर्यंत रमतगमत, कुत्र्याला हुंगायला वेळ देत, जाऊन येऊन पाऊण तास. हवा स्वच्छ असली की सिंहगड टॉवरसकट दिसतो. खारी गावठी आणि कुठल्यातरी केसाळ जातीची भेसळ आहे. तिला सिंहगडाचं काही नाही, तिला मोर दिसला. पट्टा हातात होता म्हणून मोर वाचला आणि माझा खांदा दुखावला. पट्टा सोडू नका, आपलं कुत्रं कितीही गुणी असलं तरी. वर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्याही असतात.

येताना पायवाट सोडून गवतातून आलो. एवढीच चूक.

नोव्हेंबरात ते गवत वाळून सोनेरी होतं, फोटोत फार छान येतं, आणि त्याला कुसळं धरलेली असतात. माझ्या मोज्यांत शंभरेक अडकली होती. ती मी घरी येऊन गॅलरीत बसून, एकेक उपटून काढली. खारीचे पाय मात्र पाहिले नाहीत. सोमवारी रात्री ती पुढचा डावा पंजा चाटत बसली. मंगळवारी लंगडायला लागली.

मंगळवारी दवाखाना. टोकन सतरा. जुनी फाईल माझ्या बंद झालेल्या मोबाईल नंबरावर, त्यामुळे ती सापडेना, आणि फाईलशिवाय आत सोडेनात. शेवटी नवीन फाईल, नवीन फी. अडीच तास बाकावर. एका बाजूला पिंजऱ्यातलं मांजर, दुसऱ्या बाजूला थरथरणारा पग. मध्येच "खारीचे पप्पा कोण?" म्हणून पुकारा झाला. मी अविवाहित आहे, तरी उठलो. आत पाच मिनिटं. "काटा दिसत नाही, गेला असेल निघून." मलम आणि गोळ्या.

गुरुवारी बोटांच्या बेचक्यात बोराएवढी सूज. पुन्हा टोकन, पुन्हा बाक. एक्स-रे काढला, पैसे भरले, एक्स-रे स्वच्छ. मग आतून दुसऱ्या डॉक्टर आल्या. त्यांनी सूज नुसती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "टेकडीवर गेला होता का? कुसळ आहे. ते एक्स-रेत दिसत नाही." दिसत नाही तर काढला कशाला, हे मी विचारलं नाही, कारण त्या एकट्याच माणसासारख्या बोलत होत्या. शुक्रवारी भूल देऊन काढू म्हणाल्या. भूल देणारे डॉक्टर आठवड्यात दोनदाच येतात, सोमवारी आणि शुक्रवारी. पुढचं वर आलंच आहे.

आपल्या म्हणीतलं कुसळ निदान दुसऱ्याच्या डोळ्यात दिसतं तरी. हे कुणालाच दिसेना.

भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून उपाशी. कारण पटण्यासारखं आहे, माझं भांडण कॅलेंडरशी आहे. मोठ्या कुत्र्याला सहसा आदल्या रात्रीपासून खायला देत नाहीत. पिल्लाचं वेगळं असतं, विचारून घ्या. आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. रविवारी रात्री मी पोळ्यांच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली. आई म्हणाली, "मला वाचता येतं, आणि ऐकूही येतं. शुक्रवारी सांगितलं असतंस तर."

सोमवारी वीस मिनिटांत काम झालं. डॉक्टरांनी ते कापसावर ठेवून दाखवलं: नखाएवढं, तपकिरी, टोकाला मागे वळलेली बारीक लव. त्या लवेमुळे ते आत पुढे पुढेच सरकतं, मागे येत नाही. घरी मी मोज्यात राहिलेलं एक कुसळ शोधून ताटलीत ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला. शेपटीचा पीळ उलगडायला लागला आणि ते मेलेलं गवत स्वतःभोवती हळूहळू फिरलं. मग कळलं खारी रात्रभर का चाटत होती.

तर, पावसाळा संपल्यापासून गवत पूर्ण झडेपर्यंत पायवाट सोडू नका. गाडीत बसवायच्या आधी बोटांच्या बेचक्या, कान आणि काखा चाचपा. गोचीडही तिथेच सापडते. केसाळ कुत्रं असेल तर पंजातले केस आधीच कापून घ्या. एकदम कान झटकायला लागलं तर थांबू नका, कानात गेलेलं कुसळ जास्त वाईट. खाणीतलं पाणी पाजू नका, घरून बाटली न्या. उन्हाळ्यात नऊनंतर वरचा काळा कातळ तापतो, तळहाताची मागची बाजू टेकवून बघा.

आणि दवाखान्यात भिंतीवर कॅलेंडर दिसलं तर उचलून त्याच्यामागे काय लिहिलंय ते बघा.

खारीचा टाका सुटला. टेकडीचं नाव काढलं की पट्टा तोंडात धरून दारात उभी राहते. तिला मोराचा हिशेब बाकी आहे.