‘निगेटिव्ह’ म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं

विषविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करायला लागून मला सतरा वर्षं झाली. रिपोर्टवर सही करताना हात अडखळतो तो ‘पॉझिटिव्ह’पाशी नाही, ‘निगेटिव्ह’पाशी.

एका रात्री एकोणीस वर्षांच्या मुलाची लघवी तपासायला आली. त्याला झटके येत होते, नाडी दीडशेच्या वर, कुणाला ओळखत नव्हता. नशेचे पदार्थ ओळखणाऱ्या पट्टीवरच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह. रिपोर्ट गेला आणि थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन आला, “मॅडम, याने काहीच घेतलेलं नाही, असं त्याच्या आईला सांगू ना?”

“नका सांगू,” मी म्हटलं. “आमच्या पट्टीला ओळखता येतं त्यातलं काही सापडलं नाही, एवढंच सांगा.”

पट्टीवर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारं प्रथिन, असते आणि ती रेणूचा आकार ओळखते. गांजाची चाचणी टीएचसीपासून, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकापासून, शरीरात तयार होणारा पदार्थ शोधते. जेडब्ल्यूएच-०१८ हे गांजासारखी नशा आणणारं कृत्रिम रसायन मेंदूतल्या पेशींवरच्या, टीएचसी बसतं त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, पण त्याचा रेणू अगदीच निराळा, त्यामुळे अँटिबॉडीला त्याचा पत्ताच लागत नाही. जॉन हफमन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत हे संयुग संशोधनासाठी तयार झालं होतं. २००८च्या अखेरीस ते जर्मनीत ‘स्पाइस’ नावाच्या नशेच्या पाल्याच्या पाकिटांत सापडलं. टीएचसी तो रिसेप्टर अर्धवटच चालू करतं, हे मात्र पुरता. झटके येतात, हृदयावर ताण पडतो, अशा काही पदार्थांनी मूत्रपिंडंही निकामी झाली आहेत. त्यात हे द्रावण सुक्या पाल्यावर फवारलेलं असतं आणि सगळीकडे सारखं बसत नाही. एकाच पुडीतली एक चिमूट सौम्य, दुसरी जीवघेणी. मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते.

शेवटी भिस्त रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, मास स्पेक्ट्रोमीटरवर. पण यकृत मूळ रेणू झपाट्याने मोडतं, म्हणून लघवीत शोधायचे ते त्याचे तुकडे. शिवाय नुसत्या वजनावर भागत नाही. ऑर्थो- आणि पॅरा-फ्लुओरोफेंटानिल या फेंटानिलच्या (अफूसारख्या तीव्र वेदनाशामकाच्या) दोन भावंडांचं वजन तंतोतंत एकच, फ्लोरिनची जागा तेवढी वेगळी. पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, कोण किती मिनिटांनी बाहेर पडतो ते शुद्ध स्टँडर्डशी, म्हणजे त्याच पदार्थाच्या खात्रीच्या नमुन्याशी, ताडून पाहावं लागतं, आणि नव्या पदार्थाचं स्टँडर्ड बाजारात येईपर्यंत पदार्थच बदललेला असतो.

त्या मुलाच्या नमुन्याचा या यंत्रावरचा डेटा मी जपून ठेवला होता. तीन महिन्यांनी नवं स्टँडर्ड आलं तेव्हा तीच फाइल पुन्हा उघडली. आलेखात ६.८ मिनिटांवर बारीकसा, पण स्वच्छ उंचवटा. त्या रात्रीही तो तिथेच होता. त्याला नाव द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मुलगा तोवर बरा होऊन घरी गेला होता. तरी मी डॉक्टरांना फोन करून त्याच्या कागदांत नोंद करायला लावली.

आता ‘निगेटिव्ह’च्या खाली मी तपासलेल्या पदार्थांची यादी देते. आणि रुग्णासोबत आलेल्यांना एकच विनवणी करते: पुडीत चिमूटभर चुरा जरी उरला असेल, तरी भीतीने फेकू नका, नमुन्याबरोबर द्या. मूळ रेणू त्यात शाबूत असतो.